जळगावहून सकाळी निघून रात्री घरी: खान्देशात नव्याने आलेल्यांसाठी

जळगावात बदली होऊन, शिकायला किंवा नोकरीला आलेल्या माणसाला पहिल्या महिन्यातच तीन गोष्टी कळतात: इथलं ऊन, इथलं सोनं आणि इथली शेवभाजी. सराफ बाजार, डाळ मिल, केळीचा व्यापार, दवाखाने, कोर्टकचेऱ्या यांसाठी आजूबाजूच्या तालुक्यांतली माणसं रोज शहरात येतात आणि संध्याकाळी परततात. 1906 साली जुन्या खान्देश जिल्ह्याचे दोन भाग झाले. तेव्हापासून पूर्व खान्देशाचा कारभार जळगावातून आणि पश्चिमेचा धुळ्यातून चालू लागला. सगळ्या वाटा इथे येऊन मिळतात. सुट्टीच्या दिवशी बाहेर पडायचं असेल तर याचा फायदा आहे, पण एक अडचणही आहे. ती आधी सांगतो.

एसटीचं वेळापत्रक गावकऱ्यांच्या सोयीने चालतं. सकाळी गाड्या खेड्यातून शहराकडे येतात आणि संध्याकाळी शहरातून खेड्याकडे जातात. शेवटची गाडी गावात मुक्कामी राहते आणि पहाटे परत फिरते. आपली सहल नेमकी उलट दिशेने असते. त्यामुळे जाताना गाडी सहज मिळते आणि परतताना चार-साडेचारनंतर फाट्यावर ताटकळावं लागतं. समोरून आलेली एसटी पाहून हायसं वाटतं, पण ती निघालेली असते गावाकडे मुक्कामाला. म्हणून सहल ठरवताना पहिला प्रश्न "तिथून परत कसं यायचं?" हाच ठेवा. बसस्थानकावरच्या चौकशी खिडकीवर जाण्याच्या गाडीआधी परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारा. तिच्या आधीची गाडी कोणती तेही विचारा आणि बेत त्या आधीच्या गाडीवर बांधा. शेवटची गाडी अडीअडचणीसाठी राखून ठेवायची.

यातून पुढची गोष्ट आपोआप ठरते. रेल्वेमार्गावरचं ठिकाण एसटीने किंवा रेल्वेने करा. डोंगरातलं ठिकाण शक्यतो स्वतःच्या किंवा ठरवलेल्या गाडीने करा. हमरस्त्यावरचं कशानेही जमतं. ज्या तालुक्याच्या गावी जायचं त्याचा आठवडे बाजार कोणत्या दिवशी असतो हेही विचारून ठेवा. बाजाराच्या दिवशी काळीपिवळ्या आणि अ‍ॅपे रिक्षा भरपूर असतात, गर्दीही तेवढीच असते, पण अडकून पडायची वेळ सहसा येत नाही.

दिशा एकच धरा

नकाशा समोर घ्या. उत्तरेला तापी आणि तिच्यापलीकडे सातपुडा. दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगा. पूर्वेला भुसावळ, तिथून रेल्वेचे दोन फाटे फुटतात, एक बऱ्हाणपूर-खंडव्याकडे, दुसरा अकोला-नागपूरकडे. पश्चिमेला धरणगाव, अमळनेर, नंदुरबार करत सुरतेकडे जाणारा तापी खोऱ्याचा रेल्वेमार्ग आणि त्याच्या दक्षिणेने पाळधी, एरंडोल, पारोळा, धुळे असा महामार्ग. एका दिवसात यातली एकच दिशा धरायची. नवखा माणूस सकाळी अजिंठा आणि दुपारी मनुदेवी असा बेत करतो. नकाशावर ते जवळ दिसतं, पण एक दक्षिणेला, दुसरं उत्तरेला, आणि मधे अख्खं जळगाव शहर ओलांडायचं. दिवस रस्त्यात जातो.

मग महिना बघा

एप्रिल-मेमध्ये पारा 45 अंशांच्या आसपास खेळतो. या दिवसांत दुपारी उघड्यावरच्या ठिकाणी जाण्यात शहाणपणा नाही. फारच इच्छा असेल तर पहाटे निघून अकरापर्यंत परत या, किंवा छपराखाली बघता येईल असं काही निवडा. जैन हिल्सवरचं गांधी तीर्थ त्यासाठी बरं आहे. 2012 साली उघडलेलं हे संग्रहालय नीट बघायला दोन-तीन तास लागतात. जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात बहिणाबाईंच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत, तेही उन्हाळ्यातल्या सकाळचं काम. त्यांचं माहेर असलेलं आसोदे शहराला लागूनच आहे.

जुलै ते सप्टेंबर सातपुड्याचे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यांचे. पहिल्या हिवाळ्यात सगळं उरकायची घाई मात्र करू नका. सुट्टीच्या एखाद्या रविवारी भरीत पार्टीचं आमंत्रण येतंच, आणि ते नाकारून कुठे डोंगर चढायला गेलेला माणूस इथे कोणाला समजत नाही.

अजिंठा: पहिली सहल हीच

जळगावहून लेण्या साधारण 60 किलोमीटरवर आहेत. त्या प्रशासनाच्या हिशेबाने छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात येतात, पण घाटाच्या खालच्या, म्हणजे आपल्या बाजूला आहेत. त्यामुळे जळगावहून घाट चढावा लागत नाही. बाहेरगावचे बहुतेक पाहुणे संभाजीनगरहून येतात आणि निम्मा दिवस प्रवासात घालवतात. तुम्हाला ती वेळ लेण्यांत घालवता येते.

लेण्या सोमवारी बंद असतात. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि या दोन वारांची गल्लत नेहमी होते, तेव्हा निघण्यापूर्वी वार तपासा. नेरी, पहूर, वाकोद, फर्दापूर असा रस्ता आहे. संभाजीनगरकडे जाणारी कुठलीही एसटी चालते, वाहकाला "लेणी फाटा" सांगून ठेवा. खासगी गाड्याही फाट्यावरच्या वाहनतळापर्यंतच जातात. तिथून पुढचे चारेक किलोमीटर एसटीच्याच बसने, वेगळं तिकीट काढून. त्या बसच्या परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ उतरतानाच विचारून घ्या.

सकाळी नऊला दार उघडतं तेव्हा तिथे असायचं असेल तर जळगाव सातपर्यंत सोडा. पर्यटकांच्या मोठ्या गाड्या अकराच्या सुमाराला येऊ लागतात आणि सगळी गर्दी पहिल्या दोन लेण्यांच्या दारात साचते. लवकर पोचलात तर 1 आणि 2 आधी शांतपणे बघा. पहिल्या लेणीतला पद्मपाणी पाहायला घाई करू नका. आत अंधार असतो, डोळे सरावायला पाच मिनिटं जातात, आणि बहुतेक लोक त्याआधीच बाहेर पडलेले असतात. फ्लॅश चालत नाही. पुढे 9 आणि 10 ही चैत्यगृहं इथली सर्वांत जुनी, इसवी सनापूर्वीची. दहाव्या लेणीतल्या एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने आपलं नाव आणि 1819 ही साल कोरून ठेवली आहे. शिकारीच्या नादात त्याला ही लेणी दिसली आणि आपण आज लहान मुलांना जे करू नका म्हणतो तेच त्याने केलं. 16 आणि 17 मधली चित्रं पाचव्या शतकातली, वाकाटकांच्या काळातली. सतराव्या लेणीसाठी वेळ राखून ठेवा, तिथल्या जातककथा भिंतीभर पसरल्या आहेत. 26 मधला महापरिनिर्वाणाचा बुद्ध शेवटी येतो, आणि थकलेली माणसं 19 वरूनच परततात. तुम्ही परतू नका.

प्रत्येक लेणीत चपला काढाव्या लागतात. फीत बांधायचे बूट घातले तर अर्धा वेळ त्यातच जातो. म्हाताऱ्या माणसांसाठी डोली मिळते, दर आधी ठरवा. पाणी भरपूर घ्या. पावसाळ्यात वाघूर नदी घोड्याच्या नालेसारख्या दरीत खळाळते ते सुंदर दिसतं, पण चित्रं पाहायची असतील तर हिवाळाच योग्य.

बऱ्हाणपूर: रेल्वेने

राज्याबाहेर असल्यामुळे जळगावकर याला सहलीच्या यादीत धरत नाहीत. पण खान्देशाची जुनी राजधानी ती. फारुकी सुलतानांनी ते वसवलं आणि खुलताबादच्या बुऱ्हानुद्दीन गरीब या सूफी संतांचं नाव दिलं. 1601 साली अकबराने असीरगड घेतला आणि फारुकी राज्य संपलं. पुढची कित्येक वर्षं मोगलांचा दख्खनचा कारभार इथून चालला. मुमताज महल 1631 मध्ये इथेच बाळंतपणात गेली आणि आग्र्याला नेण्याआधी तिचं दफन तापीपलीकडच्या झैनाबादला झालं होतं.

भुसावळहून बऱ्हाणपूर रेल्वेने सुमारे 55 किलोमीटर. जळगावहून थेट गाडी पकडा किंवा भुसावळला बदला. गाडी खंडवा-इटारसीकडे जाणारी आहे याची खात्री करा. नागपूरकडची पकडली तर मलकापूर-शेगाव बघून याल. वाटेत सावदा, निंभोरा, रावेर ही केळीच्या पट्ट्यातली स्टेशनं लागतात. खिडकीतून मैलोगणती केळीची बाग दिसते आणि जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन का मिळालं हे वेगळं सांगावं लागत नाही.

बऱ्हाणपूर स्टेशन शहराबाहेर लालबागला आहे. उतरल्यावर रिक्षा दिवसभरासाठी ठरवणं सोयीचं, कारण ठिकाणं विखुरलेली आहेत. स्टेशनजवळचा कुंडी भंडारा आधी उरका. 1615 च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या सुभेदारीत, सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून उताराने शहरात आणलं गेलं. वर दिसते ती फक्त शंभरच्या आसपास कुंड्यांची, म्हणजे विहिरीसारख्या गोल तोंडांची रांग. मग शहरात जामा मशीद. तिच्यात अरबीबरोबर संस्कृत शिलालेख आहे, तो दाखवायला सांगा, स्वतःहून सापडत नाही. मग तापीकाठचा शाही किल्ला आणि त्यातला हमाम, त्याच्या छतावरची रंगीत नक्षी अजून टिकून आहे. जेवणानंतर मावा जिलेबी आणि घरी न्यायला दराबा. असीरगड याच दिवशी जोडायचा तर स्वतःची गाडी हवी. तो शहरापासून वीसेक किलोमीटर उत्तरेला आहे आणि चढून उतरायलाच दोन-तीन तास लागतात. रेल्वेने आलात तर त्याचा मोह सोडा.

महिलांना एसटीत अर्धं तिकीट आणि 75 वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आहे, पण ती सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. बऱ्हाणपूरसाठी तशीही रेल्वेच बरी.

सातपुडा: मनुदेवी, उनपदेव, पाल

यावल तालुक्यातली मनुदेवी ही जळगावकरांची पावसाळी सहल. आडगावहून आत जंगलातला रस्ता, डोंगराच्या कुशीत देऊळ आणि शेजारी धबधबा. रविवारी गर्दी होते आणि नवरात्रात तर पाय ठेवायला जागा नसते. आठवड्याच्या मधल्या दिवशी जमत असेल तर तेव्हा जा. एकच काळजी: वर डोंगरात जोराचा पाऊस झाला की नाला बघता बघता चढतो, खाली मात्र आभाळ कोरडं असतं. पाणी गढूळ झालेलं दिसलं की पात्रातून लगेच बाहेर या, फोटो नंतर.

उनपदेव चोपडा तालुक्यात अडावदजवळ. गोमुखातून गरम पाण्याची धार पडते. हिवाळ्यातल्या सकाळी त्याची मजा, मे महिन्यात कोण जाणार. रावेर तालुक्यातलं पाल यावल अभयारण्याच्या कडेला आहे. रात्री हवा खरंच थंड असते, म्हणून मुक्काम केला तर जास्त आनंद. एका दिवसात सुकी धरण आणि आजूबाजूचं जंगल होतं, पण गाडी स्वतःची हवी आणि अंधार पडायच्या आत मैदानात उतरायला हवं.

होळीच्या आधीच्या आठवड्यात या पट्ट्यातल्या गावांत भोंगऱ्या बाजार भरतात. पावरा आणि भिल्ल समाजाची माणसं सणाची खरेदी करायला, ढोल-बासरीवर नाचायला येतात. कोणत्या गावचा बाजार कोणत्या वारी ते चोपड्याच्या किंवा यावलच्या बसस्थानकावर कुणीही सांगेल. तिथे जाणाऱ्यांनी एवढंच करावं, बायकापोरींसमोर न विचारता मोबाइल धरू नये. तो त्यांचा सण आहे.

नदीकाठचा एक सोपा दिवस

घरातली वडीलधारी माणसं बरोबर असतील तर मुक्ताईनगरची बाजू धरा. कोथळीला मुक्ताबाईंचं जुनं मंदिर, आणि तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव गावात चांगदेवांचं दगडी मंदिर. ज्ञानेश्वरांनी ज्यांना कोऱ्या कागदाचं उत्तर म्हणून पासष्ट ओव्या लिहिल्या ते हेच चांगदेव, पुढे वयाने कितीतरी लहान असलेल्या मुक्ताबाईंचे शिष्य झाले. दोघांची मंदिरं इतकी जवळ असणं वारकऱ्यांना फार गोड वाटतं. हतनूर धरण याच बाजूला. हिवाळ्यात त्याच्या फुगवट्यावर स्थलांतरित पक्षी येतात. दुर्बीण असेल तर सकाळ तिथे, दुपार मंदिरांत.

गणपतीच्या भक्तांसाठी एरंडोल तालुक्यातलं पद्मालय. तलावाकाठी देऊळ आणि गाभाऱ्यात एक डाव्या, एक उजव्या सोंडेचा, असे दोन गणपती. अर्ध्या दिवसाचं काम. संकष्टी आणि अंगारकीला टाळा, किंवा गर्दीच आवडत असेल तर नेमकं तेव्हाच जा.

अमळनेर आणि चाळीसगाव, दोन्ही रेल्वेने

अमळनेर तापी खोऱ्याच्या मार्गावर, तासाभराच्या अंतरावर. साने गुरुजी इथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि 1930 साली सत्याग्रहासाठी नोकरी सोडून गेले. प्रताप शेठजींनी 1916 मध्ये काढलेलं तत्त्वज्ञान मंदिर अजून आहे. विप्रो नावाची मोठी कंपनी 1945 साली इथे वनस्पती तुपाच्या कारखान्यातून सुरू झाली, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो आधी हसतो. मंगळग्रह मंदिरात मंगळवारी लांबलचक रांग असते, इतर दिवशी दर्शन पटकन होतं. बोरी नदीकाठी संत सखाराम महाराजांची वाडी आहे, तिथली यात्रा वैशाखात.

चाळीसगाव मुंबईच्या मुख्य मार्गावर, 90 किलोमीटरच्या आसपास. स्टेशनजवळच केकी मूस यांचं घर आहे. हा छायाचित्रकार चाळीसगावातल्या त्या घरातून आयुष्याची कितीतरी दशकं जवळपास बाहेर पडला नाही. कुणा प्रिय व्यक्तीच्या वाटेकडे डोळे लावून तो रोज रात्रीच्या मेलची वाट बघायचा अशी गोष्ट सांगतात. टेबलावर साध्या वस्तू मांडून त्याने काढलेली छायाचित्रं पाहिली की पहाड, बर्फ, देवळं सगळं खरं वाटतं. घर कधी उघडं असतं ते आधी विचारून जा.

तिथून पाटणादेवी अठराएक किलोमीटर, गौताळा औट्रमघाट अभयारण्यात. चंडिकेचं देऊळ दरीच्या तोंडाशी आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, असं सांगणारा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख इथल्या पाटण गावात सापडला. हे चांगदेव वेगळे, मुक्ताईनगरचे वेगळे, दोघांना एक करू नका. जंगल असल्याने अंधारापूर्वी बाहेर पडायचं आणि रिक्षावाल्याला परतीसाठी थांबवूनच ठेवायचं. पावसाळ्यात केदारकुंडापर्यंत चालत जाता येतं. दोन्ही ठिकाणं एकाच दिवशी होतात, पाटणादेवी सकाळी आणि केकी मूस दुपारी, म्हणजे संध्याकाळी स्टेशनजवळच असाल.

पिशवीत काय, पोटात काय

पाणी, टोपी किंवा उपरणं, मीठ-साखरेची पुडी, सुट्टे पैसे. डोंगरात मोबाइलला रेंज जाते, तेव्हा ऑनलाइन पैशांवर विसंबू नका.

खाण्याबद्दल एकच सूचना: महामार्गावरच्या ढाब्यावर पंजाबी पदार्थ मागवू नका, शेवभाजी मागवा. झणझणीत असते, "तिखट कमी" सांगितलं तरी फारशी कमी होत नाही, म्हणून बरोबर ताक घ्या. हिवाळ्यात भरीत-भाकरी. वांगी इथली मोठी, हिरवी, कमी बियांची, तुराट्या-काट्यांच्या जाळावर भाजलेली, हिरव्या मिरचीसह लाकडी भांड्यात ठेचलेली. हे भरीत हॉटेलपेक्षा बामणोद-आसोद्याकडच्या शेतात बसून खाल्लेलं केव्हाही सरस. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची भाकरी मिळाली तर सोडू नका.

जे एका दिवसात करू नये

तोरणमाळ. सहकारी "सकाळी जाऊन येऊ" म्हणतील, ऐकू नका. शहादा गाठेपर्यंतच दुपार होते आणि पुढे घाट आहे. एक मुक्काम धरला तर यशवंत तलाव आणि सीताखाई निवांत होतात. सारंगखेड्याची दत्तजयंतीची घोडेयात्राही तशीच. तापीकाठची ती यात्रा बघायची तर आदल्या दिवशी नंदुरबार किंवा शहाद्याला पोचा आणि सकाळी लवकर घोडे बघायला जा, दुपारनंतर धुळीत घोडा आणि माणूस सारखेच दिसतात. धुळ्याला मात्र एका दिवसात जाऊन येता येतं: राजवाडे संशोधन मंडळ, समर्थ वाग्देवता मंदिर (जुन्या हस्तलिखितांचा संग्रह) आणि वेळ उरला तर लळिंगचा किल्ला, पण मंडळ आणि मंदिर बंद असण्याचे दिवस आधी फोन करून विचारा, रविवारी गृहीत धरून जाऊ नका.